क्रॅसुलाची रात्रपाळी

"ही झाडं काडीचंही काम करत नाहीत, शाल्मलीताई. सोमवारी त्यांना खतात टाकावं लागेल," असं म्हणून माळीबुवाने आपले चारही हात पाठीमागे बांधले.

माळीबुवा म्हणजे चांद्रवाडीचा यंत्रमानव. चंद्राच्या जमिनीखाली वसलेल्या या वस्तीत हवा जपून वापरावी लागे आणि तिचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. माणसं श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडणार, झाडांनी तो घ्यायचा आणि प्राणवायू द्यायचा. जे झाड हे करणार नाही, त्याची जागा पालकाच्या भाजीला! माळीबुवा मनाने वाईट नव्हता, पण नियम म्हटला की तो ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे.

दहा वर्षांची शाल्मली कुंड्यांपुढे आडवी उभी राहिली. आत्याने साताऱ्याहून पाठवलेल्या एका पानापासून तिने हा पसारा वाढवला होता. क्रॅसुला म्हणजे जाड, रसरशीत पानांचं ठेंगणं झाड. त्याचं एक पान कोरडसर मातीवर नुसतं ठेवलं, तरी त्याला मुळं फुटतात. मागेल त्याला शाल्मली पान देई. अट एकच, ते वाढलं की त्यातलं एक पान पुढे कुणाला तरी द्यायचं.

"मी भर दुपारी मोजलंय," माळीबुवा म्हणाला. "पालकाने पुष्कळ वायू घेतला. तुमच्या क्रॅसुलाने शून्य!"

शाल्मली रडवेली होऊन आजोबांकडे धावली. तिचे आजोबा रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत विचारलं, "झाडाचं अंग बहुतेक त्या वायूतूनच घडतं, शालू. मग जे जेवतच नाही, ते वाढतं कशावर?"

"लपूनछपून जेवत असेल," शाल्मली रागाने म्हणाली.

"मग चोर पकडू या," आजोबा हसले.

दोघं घरोघरी जाऊन शाल्मलीने वाटलेली झाडं बघू लागले. सगळ्यांचीच मरगळलेली होती. फक्त पारुळेकरकाकांचं झाड गुटगुटीत बाळासारखं टेचात उभं होतं.

"काका, तुम्ही काय घालता याला?"

काकांनी आधी माळीबुवा जवळपास नाही ना, ते पाहिलं. "काही नाही गं बाई. उलट माझाच आळस. झोपण्याआधी कुंड्या दिव्यांच्या दालनात ठेवायच्या असतात ना, मला तेवढं चालायचा कंटाळा. मी हिला पलंगामागे लपवतो."

आजोबा एकदम थबकले. रात्री झाडाजवळ झोपू नये, हे पृथ्वीवरून येताना सगळ्यांनी डोक्यात भरून आणलं होतं. म्हणून चांद्रवाडीत रोज दिवे मालवण्याआधी प्रत्येक कुंडी अखंड उजेडाच्या दालनात जाई. काकांच्या झाडालाच तेवढी रात्र मिळत होती.

"शालू, आपण त्याचं जेवण चुकीच्या वेळी मोजलं!"

त्या संध्याकाळी माळीबुवासमोर काचेच्या दोन हंड्या मांडल्या गेल्या. एकीत काकांचा क्रॅसुला, दुसरीत पालक. दोन्हींत शाल्मलीने नळीतून गाल फुगवून आपला श्वास सोडला. मग हंड्या घट्ट बंद करून वर काळं कापड टाकलं.

सकाळी तिने कापड काढलं. पालकाच्या हंडीत कार्बन डायऑक्साइड वाढला होता. क्रॅसुलाच्या हंडीत तो कितीतरी घटला होता. माळीबुवाने मापक तपासला, पुन्हा तपासला.

"पण अंधारात जेवण शिजणार कसं? त्याला तर उजेड लागतो!" शाल्मलीने विचारलं.

उत्तरादाखल आजोबांनी कागदावर जास्वंदीची पाकळी घासली. कागद जांभळा झाला. जास्वंदीचा हा रंग आम्ल (आंबट पदार्थ) लागलं की गुलाबी होतो. त्यावर त्यांनी क्रॅसुलाचं एक पान चुरडलं. जांभळ्या कागदावर लख्ख गुलाबी डाग उमटला. काल संध्याकाळी हंडी बंद करण्याआधी आजोबांनी त्याच झाडाच्या पानाने केलेला डाग जांभळाच राहिला होता.

"रात्रीत पान आंबट झालं?"

"झालं खरं. आता हे बघ. पानांवर पर्णरंध्रं (बारीक बारीक तोंडं) असतात. वायू आत घ्यायला ती उघडावी लागतात, पण उघडली की आतलं पाणी उडून जातं. याच्या मूळच्या वाळवंटी मुलखात भर उन्हात तोंड उघडणं म्हणजे मरणच. म्हणून हा शहाणा दिवसा तोंड मिटून बसतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो."

"आणि घेतलेला वायू?"

"पृथ्वीवर आपल्याकडे नळाला रात्री पाणी आलं की पिंप भरून ठेवतात ना? तसा तो वायूचं मॅलिक आम्ल (कच्च्या सफरचंदाला आंबट करणारा पदार्थ) करून पानात साठवतो. उजेड पडला की तेच आम्ल मोडून वायू सुटा करतो आणि दारं बंद ठेवून आत स्वयंपाक करतो."

शाल्मली गुलाबी डागाकडे एकटक बघत राहिली. "आजोबा, काल हंडीत माझा श्वास होता."

"होता."

"मग हा आंबटपणा... माझा श्वास आहे?"

"त्यातला बराचसा तुझाच, बाळा," आजोबा हळूच म्हणाले. तिने त्या डागावर हळूच बोट ठेवलं. एवढंसं मुकं झाड सगळे झोपलेले असताना त्यांचे निःश्वास वेचून ठेवत होतं, आणि आपण त्याला आळशी म्हणत होतो!

माळीबुवाने घसा खाकरला. खरं तर त्याला घसाच नव्हता. "शाल्मलीताई, चूक माझी. सोमवारचा हुकूम रद्द. आजपासून क्रॅसुला रात्री माणसांच्या खोल्यांत राहतील. हवा काही एकट्याने शुद्ध करणार नाहीत ते, पण हातभार नक्की लावतील."

महिन्याभरात झाडं पुन्हा तरारली. मंगळावर निघालेल्या यानाच्या कप्तान तेरेझा डिमेलो स्वतः शाल्मलीच्या दारी आल्या. झोपायच्या कप्प्यांसाठी त्यांना पानं हवी होती.

"आत्ताच देतेस का गं?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नको, मावशी. उद्या सकाळी, दिवे लागायच्या आत या," शाल्मली म्हणाली.

त्या रात्री सगळ्या कुंड्या तिने आपल्या उशापाशी मांडल्या. सकाळी तोडलेलं पान आंबट असतं, हे तिला ठाऊक होतं. ती गाढ झोपली आणि श्वास घेत राहिली. मंगळावर जायचं तिचं वय नव्हतं, पण तिचा श्वास उद्या निघणार होता.