डावीकडचा क्लच

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा नियम साधा आहे. पुरुषांना अप्पा, म्हणजे माझे वडील, शिकवतात, बायकांना मी. अप्पांचा गुडघा सुजला नसता तर मुरलीकृष्ण माझ्या वाट्याला आलाच नसता.

पहिल्या सकाळी तो गाडीत बसला तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. मी तमिळमध्ये सूचना देत होते, तो निमूट ऐकत होता. पहिल्यावरून दुसरा गियर टाकला आणि गाडीखाली थडक झाली.

"अय्यो, मोडलं की काय..." तो पुटपुटला. मराठीत! ह्या तमिळ मुलखात आमची मराठी घरं मोजकीच.

"मोडलं नाही. क्लच हळू सोडा," मीही मराठीत म्हटलं.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"रस्ता तिकडे आहे," मी म्हटलं.

"तुम्ही आमच्यातल्याच की! कुणाच्या घरच्या?"

"हनुमंतरावांची मुलगी, नित्या. समोर म्हैस आहे."

"असू दे, मिस. म्हशी मज ओळखतात. मी गुरांचा डॉक्टर."

म्हशीने ओळख दाखवली नाही. ब्रेक मीच दाबला. शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आणि क्लच असतो, म्हणून आम्ही जिवंत आहोत.

त्याला नोकरीत तिरुवैयारूच्या पलीकडची गावं मिळाली होती. परीक्षेनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि तोवर लायसन्स हातात नसेल तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. हे त्याने मला स्वतःच सांगितलं होतं, कालव्याच्या कडेने जाताना. मी रोज त्याच्यावर ओरडायचे आणि तो रोज हसायचा. मला त्याच्या हसण्याचा राग यायचा... निदान सुरुवातीला तरी.

गाडीची ती थडक मात्र छळत होती. गियर बदलला की खाली काहीतरी सैल सुटल्यासारखं वाटायचं. आधी हिसका, मग थडक. मी चालवली तर काहीच नाही. म्हणजे दोष त्याच्या डाव्या पायाचा, असं मी ठरवून टाकलं. काही दिवसांनी थडक थांबली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अप्पा लंगडत आले. शेवटची चाचणी ते स्वतःच घेतात. ते माझ्या जागी बसले, मी मागे. अप्पांचे पाय पेडलांपासून दूर, हात मांडीवर. दुसरा गियर – थडक. तिसरा – थडक. परत दुसरा – थडक.

"नित्या, ह्यांस काय शिकवलंस गं? उद्या काय परीक्षा देणार हे?" अप्पांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "अजून महिनाभर क्लास लागेल."

"सरी मामा, चालेल. येतो की," मुरली म्हणाला.

इतक्या चटकन? मी आरशात पाहिलं. नोकरीची जागा हातची जाणाऱ्या माणसाचे डोळे असे हसरे दिसत नाहीत.

महिनाभर. रोज सकाळी. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला गप्प बसावंसं वाटलं. पण ती गावं त्याला हवी होती. तिथल्या गोठ्यांबद्दल तो बोलायला लागला की थांबायचा नाही.

"थांबा अप्पा. मी चालवून बघते."

मी स्टिअरिंगवर बसले आणि नवशिक्यासारखा क्लच फटकन सोडला. थडक! माझ्या पायाखालीसुद्धा. इतके दिवस सवयीने मी तो हळू सोडत होते आणि गाडी ठणठणीत आहे असं समजत होते.

मुरलीला परत जागेवर बसवून मी बॉनेट उघडलं.

"हँडब्रेक ओढा. पायानेही ब्रेक दाबून ठेवा. पहिला गियर. आता क्लच अगदी थोडा सोडा... बस."

इंजिन एका बाजूने हातभर नाही, पण चांगलं चार बोटं उचललं गेलं.

"आता रिव्हर्स."

ते दुसरीकडे कललं आणि आपटलं. तोच आवाज. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एक आडवं फाटलं होतं.

बॉनेटखालच्या फटीतून मला त्याचे फक्त डोळे दिसत होते.

"रोगी काय म्हणतो, मिस?"

"रबर फाटलंय. तुमच्या पायाचा दोष नाही."

खरं तर त्याने खूश व्हायला हवं होतं. झाला नाही.

अप्पांनी वाकून रबर पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "फाटलंय ते खरं. पण तू शेजारी बसल्यावर आवाज का येत नव्हता?"

आता आली का पंचाईत! गाडी सुटली होती, अडकले होते मी.

"माझा पाय क्लचवर असायचा. ह्यांनी सोडला तरी मी धरून... सावकाश सोडायचे."

"सगळ्यांना असं धरतेस?"

"नाही."

माझे कान तापले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मुरलीकडे पाहिलं आणि बॉनेट बंद केलं.

"सरी. आजच नवीन रबर घालू," ते म्हणाले. मग त्याला विचारलं, "तुमचे अप्पा काय करतात?" आवाज विद्यार्थ्याशी बोलायचा नव्हता.

मुरली पास झाला. रविवारी तो जुनी घेतलेली गाडी घेऊन दारात आला आणि अप्पांनाच विचारलं, नित्याला तिरुवैयारूपर्यंत नेऊ का म्हणून. अप्पा म्हणाले, ऊन चढायच्या आत परत या.

दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती. तो बरा चालवत होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुमचा पाय मज ठाऊक होता. दोन्ही पेडल जोडलेली ना? तुम्ही पाय ठेवला की माझं पेडल हलकं व्हायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पाय काढला असता."

"आणि महिनाभर येतो म्हणालात, ते? जागा गेली असती तुमची. मूर्ख आहात."

"आहे," तो म्हणाला. "तुम्ही नाही आहात म्हणून बरं. आईस सांगितलंय मी तुमच्याबद्दल. घरी कॉफीला नेऊ?"

पुढे वळण आलं. त्याने दुसरा गियर टाकला आणि माझा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"नित्या," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मिस न म्हणता. "ह्या गाडीस तिकडं क्लच नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि पाय तिथेच ठेवला. "कॉफी कडक करायला सांगा आईंना."