बावीस भरले

बाईंचा जन्म मुलं मोजण्यात गेला. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, दरवर्षी सहल काढली आणि एकही मूल मागे राहू दिलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! त्यांची पद्धत साधी होती. डोकी मोजायची नाहीत, चेहरे मोजायचे. डोकी काय, कुणाचीही असतात.

त्यांचे यजमान जमिनीची मोजणी करणारे. निवृत्त झाले तरी खिशातला नकाशा काही सुटला नव्हता. फिरायला म्हणून एका परक्या शहरात पाऊल ठेवलं आणि दोघांचं वाजलं. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागलेले, त्यांना गाईडबरोबर बसमधून फिरायचं होतं. यजमानांना ते नावालासुद्धा नको होतं.

"छत्रीच्या मागून मेंढरांसारखं चालायचं, तो म्हणेल तिथे माना वर करायच्या! शहर असं कळतं होय?"

"आणि हरवलात म्हणजे?"

"अगं, अख्खी गावं मोजलीत मी. मी हरवेन?"

शेवटी बायकोच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय? चढले बसमध्ये. पण जित्याची खोड. दुपारी जुन्या तटबंदीपाशी सगळे उतरले आणि गाईड पिवळी छत्री उंच धरून बोलायला लागला, तसे ते बाईंच्या कानाशी लागले.

"मागच्या गल्लीतून तो मनोरा बघून येतो. अर्ध्या तासात बसपाशी हजर. त्याला सांगू नकोस, उगाच बोंब मारेल."

पोराला रांगेबाहेर पाऊल टाकू न देणाऱ्या बाई त्या दिवशी गप्प बसल्या. रोज रोज कुठे भांडायचं, असं त्यांना वाटलं. गल्लीच्या तोंडाशी धुकं उतरत होतं. यजमानांची करडी टोपी त्यात दिसेनाशी झाली.

अर्ध्या तासाने मंडळी बसमध्ये परतली. शेजारची जागा रिकामीच होती. गाईड दारात उभा राहून हातातलं मोजणीचं यंत्र टकटक दाबत पुटपुटू लागला.

"वीस, एकवीस, बावीस. भरले. चला!"

"भरले कसे?" बाई उठल्याच. "आमचे हे यायचेत अजून."

"बाई, बावीस निघालो होतो, बावीस आहेत."

बाईंनी स्वतः मोजलं, आपल्या पद्धतीने. नवं लग्न झालेलं जोडपं, चौघी मैत्रिणी, दाढीवाले बाप-लेक, असे एकेक चेहरे घेत त्या मागपर्यंत गेल्या. आपल्याला धरून एकवीस. मग बोटाने नुसती डोकी मोजली. बावीस! पुन्हा चेहरे मोजले, एकवीस. बसमध्ये बंद तळघरासारखा ओलसर वास भरला होता.

"पुन्हा मोजा," त्या गाईडला म्हणाल्या.

गाईडने नजर चुकवली. आवाज अगदी खाली आणला.

"या थांब्यावर मी दोनदा मोजत नाही, बाई... बसा खाली. हात जोडतो."

तेवढ्यात फोन वाजला. यजमानच होते. मागे बरीच पावलं घासत चालल्याचं ऐकू येत होतं, पण माणसांची कुजबुज नाही.

"अगं, गल्लीला गल्ली लागतच गेली. नकाशात नाहीत या. पण एक घोळका भेटला. त्यांच्या गाईडने मोजलं, एक कमी होता म्हणे... मला रांगेत घेतलंय."

"बाहेर पडा आधी! मी बस थांबवते."

"हात सोडत नाहीत गं..."

"कोण?"

"पुढचा. मागच्याने तर दंडच धरलाय." मग बराच वेळ नुसती पावलं. "चुकलं माझं. तुझं ऐकायला हवं होतं... चेहरेच दिसत नाहीत गं यांचे."

फोन बंद पडला. बाईंना रडू फुटलं. चूक त्यांचीही होती, आणि ती त्यांना चांगली माहीत होती. पदर खोचून त्या दाराकडे निघाल्या.

"उतरू नका, बाई," गाईड कळवळून म्हणाला. "गेलेलं माणूस तिथून आणता येत नाही."

"माणूस मागे ठेवून मी बस कधी सोडलेली नाही."

त्या उतरल्या. दार लागलं. आतून टकटक ऐकू आली आणि गाईडचा रडवेला आवाज, "...एकवीस, बावीस. भरले." बस निघून गेली.

गुडघे ठणकत होते. बाई गल्ली उतरत राहिल्या. तिसऱ्या वळणावर धुक्यातून रांग दिसली, एकमेकांचे हात धरून सावकाश चाललेली, कुणी मान वळवत नव्हतं. मधेच करडी टोपी होती. बाईंनी हाक मारली. टोपी थबकली, पण रांगेने ओढली तशी पुढे गेली. सर्वांत शेवटच्याचा एक हात मोकळा होता. तो मागे लांबवलेला होता, पंजा उघडा.

 बाईंनी तो हात धरला.

संध्याकाळी लॉजवर बस आली. बावीस जण उतरले, बाई आणि यजमानांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची किल्लीही कुणीतरी काउंटरवरून नेली. सकाळी चादरी बदलणारीने त्या खोलीचं दार वाजवून विचारलं, "कोण आहे का आत?"

आतून एक पुरुषी आवाज म्हणाला, "एक." मग बाईमाणसाचा, "दोन." दार काही उघडलं नाही.