मास्टरची जागा

ओमती भागातल्या चहाच्या टपरीवर विनताने रस्ता विचारला, तो नेमका त्यालाच.

"भैया, भय्यासाहेबांचा सलवार-सूटचा कारखाना कुठे?"

"काम काय?"

"कॉम्प्युटर बसवायचाय. कापडावर तुकडे मांडायचं काम आता तो करेल. कटिंग मास्टर लागणार नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "चला, पोचवतो. मीच तो मास्टर. गुणवंत."

विनताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र तिची बॅग उचलून चालूही लागला होता.

कारखान्यात अर्ध्या तासाची मांडणी कॉम्प्युटरने चार मिनिटांत केली. वर वीतभर कापड वाचवलं. भय्यासाहेब खूश. बारा वर्षं ज्याच्या हातांवर कारखाना चालला, त्याच्याकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. मालकांना वाचलेलं कापड दिसतं, झिजलेला अंगठा दिसत नाही.

मोरांच्या कापडाचे चाळीस थर अंथरले होते. आता कापायचं, तोच गुणवंत पडद्याशी वाकला.

"मॅडम, पाठीवरचे मोर उलटे येतील."

नक्षीची दिशा सांगायलाच विनता विसरली होती. जागा वाचवायला यंत्राने पाठीचा तुकडा उलटा फिरवला होता. चाळीस सूट, अन् मोरांचे पाय आभाळाकडे.

"गप्प राहिला असतात तर माझी नोकरी गेली असती... तुमची वाचली असती," ती हळूच म्हणाली. "काहून बोललात?"

"कापडानं काय बिघडवलं होतं माझं?" तो थांबला. "अन् तुम्हीही..."

विनता तडक मालकापुढे उभी राहिली. "भय्यासाहेब, चूक माझी, पकडली मास्टरांनी. कॉम्प्युटर हेच चालवतील. नाही तर आत्ता उचलून नेते."

भय्यासाहेबांनी चाळीस थरांकडे पाहिलं. "अच्छा, चलो. शिकवा."

आठ दिवस ठरले. गुणवंत माऊस कात्रीसारखा आवळायचा.

"हळू. कापायचं नाहीये," म्हणत तिने त्याची बोटं सैल केली. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता. "दुखत नाही?"

"बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आता दुखून राहिलं."

ती हसली, हात मात्र काढून घेतला नाही.

आठव्या दिवशी तिच्या ऑफिसातून फोन आला. समोर गुणवंत एकटाच, सराईतपणे, नव्या सूटची मांडणी करत होता.

"नाही सर, अजून आठ दिवस लागतील," विनता म्हणाली. "मास्टर हळू शिकून राहिलेत."

फोन ठेवला. त्याने मान वर केली. "मी तर तिसऱ्याच दिवशी शिकलो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझाच पाय निघून नाही राहिला."