तीन नंबरचं तळघर

"भिंगरे, खाली ये! आत्याच्या दारावर नोटीस डकवलीय!"

शेजारच्या वकिलाने अशी बोंब ठोकली, की भिंगरी हातातलं पुस्तक टाकून जिना उतरली. मागोमाग तिचा सहा वर्षांचा भाऊ. सदान्‌कदा ताईच्या मागे, म्हणून गल्लीने त्याला नाव ठेवलं होतं शेपूट. वकील म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा. वाद घालायला मिळाला तर जेवायचंही विसरणारा!

सुट्टीत भावंडं आत्याकडे आली होती. आत्याचा खाली पुस्तकबांधणीचा कारखाना, वर घर. आत्ता ती हातात कागद चिकटवायच्या खळीचा डबा धरून दारात उभी होती.

भिंगरीने नोटीस वाचली. 'इमारत क्रमांक तीन धोकादायक. मागील भिंतीस तळघरापासून भेग. आज चार वाजेपर्यंत रिकामी करावी. नंतर सील करण्यात येईल.'

"पंचवीस वर्षांचा कारखाना मी चार वाजेपर्यंत कुठे हलवू?" आत्या पुटपुटली.

"पण आत्या, आपल्याकडे तळघर आहेच कुठे?"

नोटीस लावणारा कारकून घाईत होता. "नसेल, तर बुजवलं असेल!"

"मग काका, भेग बुजलेल्या तळघरातून वर आली?" वकिलाने विचारलं.

"ए शहाण्या! नकाशात तीन, दारावर तीन. विषय संपला!"

"तपासणी कुणी केली? त्यांनाच विचारू ना!"

"ते साहेब बदलून गेले. नकाशा साठ वर्षं जुना आहे, पक्का!" कारकून सायकलवर टांग टाकून निघूनही गेला.

आत्या पुस्तकांचे गठ्ठे बांधू लागली. ते बघून भिंगरीने ठरवलं, रडून काय होणार? तळघर शोधायला हवं!

तेवढ्यात शेपूट ओरडला, "ताई, इथे भिंतीला खड्डे आहेत!"

दारालगतच्या दगडावर रंगाचे थरावर थर चढले होते. शेपटाची बोटं त्याखालच्या खाचांवर फिरत होती. भिंगरीने आत्याचा पातळ कागद त्यावर धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. कागदावर आकडा उमटला. बारा!

"तिनाच्या घरावर बारा?" वकिलाचे डोळे चमकले. "चला, सगळी दारं तपासू!"

तासाभरात चौदा इमारतींचे चौदा कागद झाले. चौदा नंबरच्या दगडावर एक, तेरावर दोन, बारावर तीन... सगळी गल्ली उलटी!

"उलटी नाही रे, आधी ती तशीच सुलटी होती!" ओट्यावर बसलेले पोस्टमन आजोबा हसले. "मी नोकरीला लागलो तेव्हा गल्लीचं तोंड त्या टोकाला, विहिरीच्या बाजूला होतं. मग इकडून मोठा रस्ता आला आणि पालिकेने या टोकापासून नंबर टाकले. पहिलं वर्षभर सगळ्यांची पत्रं सगळ्यांना!"

"म्हणजे जुन्या नकाशातला तीन म्हणजे आजचा बारा," भिंगरी सावकाश म्हणाली आणि एकदम आजोबांकडे वळली. "आजोबा, बारा नंबरात तर शिवणवर्ग चालतो!"

सगळे बाराच्या मागच्या बोळात धावले. तळघराच्या खिडकीपासून एक भेग नागमोडी वर चढली होती.

"लांब उभा राहा!" भिंगरीने शेपटाची कॉलर घट्ट धरली. "ही भेग जुनीच असेल कशावरून? भिंत अजून हलते का, ते कळायला हवं. आजोबा, आत्याचा बांधणीचा कागद ताणला तरी लांबत नाही, फाटतो. तो भेगेवर आडवा चिकटवला तर?"

"डोकं आहे हो पोरीला!" म्हणत आजोबांनी स्वतः खळ लावून पट्टी चिकटवली. पोरं बोळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसली.

एक वाजला. दोन वाजले. अडीचला शेपूट किंचाळला, "फाटली!"

आजोबांनी पट्टीचा अर्धा तुकडा सोडवून आणला. तो घेऊन भिंगरी आणि आजोबा बारा नंबरच्या दारात गेले.

"शिवणबाई, बाहेर या! सगळ्याजणी!" भिंगरीने हाक मारली.

"परीक्षा तोंडावर आलीय! खेळायचं तिकडे खेळा!" बाई दारात येऊन डाफरल्या.

भिंगरीने तुकडा पुढे केला आणि आजोबांनी भेगेचं सांगितलं. बाईंनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कात्रीने कापलेलं कोणतं आणि ताणाने फाटलेलं कोणतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या लगेच वर्गाकडे वळल्या.

"यंत्रं तशीच राहू द्या! एकेकीने, न पळता, बाहेर!"

अठराजणी बाहेर आल्या. बाईंनी दोनदा मोजल्या.

चारला कारकून हजर झाला. सोबत कुलपं घेतलेली माणसं आणि नव्या इंजिनीअरबाई. बघतात तर काय, प्रत्येक दारासमोर त्याच्या जुन्या आकड्याचा कागद, उडू नये म्हणून त्यावर दगड, आणि मधोमध वकील!

"मॅडम, या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त चालत चला. मी एक शब्द बोलणार नाही!"

"हे पोरखेळ..." कारकून सुरू झाला.

"थांबा जरा," म्हणत इंजिनीअरबाई चालू लागल्या. कागद बघत, दारं बघत त्या बारापाशी पोचल्या आणि तिथून मागच्या बोळात शिरल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आधी बारासमोरचा रस्ता बंद करायला लावला, आणि मग कारकुनाकडे वळल्या. "भिंतीला आजच टेकू द्यावे लागतील. नोटीस लावण्याआधी तळघर आहे का, एवढं तरी बघायचं होतंत!"

कारकुनाने घाम पुसला आणि आत्याच्या दारावरची नोटीस स्वतःच्या नखांनी खरवडून काढली.

"आत्याबाई, तुमचा कारखाना सुरू करा," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "आणि पोरांनो, जुन्या-नव्या दोन्ही नंबरांचा नवा नकाशा मला तुमच्याकडूनच हवाय. कचेरीत लावीन, खाली तुमची नावं घालून!"

आत्याने बांधलेले गठ्ठे सोडले आणि शिवणवर्गासाठी मागची खोली रिकामी करायला घेतली. भिंतीची दुरुस्ती होईपर्यंत अठराजणी तिथेच शिकणार होत्या. मग तिने तिघांनाही एकदम कवेत घेतलं.

"उचापती कार्टी!" ती म्हणाली. "तुमच्या आईला आता काय कळवू?"

"खरं तेच कळवा," वकील म्हणाला, "पण पुराव्यासकट!"