रंभाआजीचं राहिलेलं स्नान

विनीत लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा मी कार्तिकस्नानाचा नेम बोलले होते. देवा, हा उठून बसू दे, महिनाभर सूर्य उगवायच्या आत गार पाण्याने आंघोळ करीन. डोंबिवलीत नदी कुठली? न्हाणीघरातली बादली हीच माझी गंगा. विनीत, तू उठलास. नेम पुरा झाला आणि त्रिपुरी पौर्णिमेला मी तुपात भिजवलेली त्रिपुरवात लावली. दरवर्षी लावते. पण गेली तीन वर्षं एक नाही, दोन लावते. का, ते आज सांगते. सोनल, गॅलरीचं दार लोटून घे. वारा येतोय.

हे घडलं तुमच्या त्र्यंबकमामाच्या, माझ्या दादाच्या बाबतीत. हसू नकोस रे विनीत. मासे किती मोठे होते हे सांगताना दादा थापा मारतो, मला माहीत आहे. हे सांगताना त्याने हात मांडीवरून उचलले नाहीत.

ठाण्याला खोपटहून तो रोज बाळकुमच्या एका मोठ्या सोसायटीत जायचा. तिथल्या स्विमिंग पुलाचं पाणी त्याच्याकडे होतं. दोन नळ्यांत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. एक नळी पिवळी होते; जितकी पिवळी तितकं क्लोरीन. दुसरी तांबूस होते. तिच्यावरून पाणी डोळ्यांना झोंबेल का ते कळतं. झोंबणारं असलं की थोडा सोडा, थोडं ॲसिड, असं करत मधे आणायचं. "आमटीसारखंच गं," दादा म्हणायचा, "फक्त चाखायची सोय नाही."

तीन वर्षांमागे कोजागिरीला पूल बंद केला. फरशा बदलायच्या होत्या बाहेरच्या. पाणी तसंच भरलेलं, फाटकाला कुलूप. आणि दुसऱ्याच दिवसापासून पाणी बिघडायला लागलं. संध्याकाळी नळी पिवळीजर्द, सकाळी पांढुरकी. आता बघा, दिवसा ऊन क्लोरीन खातं. पण रात्री? रात्री ते असं संपायला पाण्यात कुणीतरी उतरावं लागतं.

कुलूप तसंच. कॅमेऱ्यात कुणी नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी प्रशांत. तोंडाने फटकळ. त्रिपुरीच्या आदल्या संध्याकाळी ते दादाला म्हणाले, "काका, क्लोरीन पाण्यात टाकता की टाकल्यासारखं करता? उद्या दहा वाजता पूल उघडतोय. आज रात्री डबल डोस मारा. सकाळी पाणी हिरवट दिसलं, तर मी दुसरा माणूस बघितलाय."

पंचावन्न वर्षांचा माणूस. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार त्याला? दादाने ठरवलं, रात्रभर इथेच बसायचं. कोण उतरतं ते बघायचंच.

बादलीत क्लोरीन कालवलं. डबल. जवळ उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी यावं असं. तेवढ्यात आनंदा वॉचमन चहा घेऊन आला. सहज म्हणाला, "कोजागिरीपासून चाललंय ना हे? रंभाआजी असती तर म्हणाली असती, कार्तिकस्नान लागलं."

दादाचा हात थांबला.

रंभाआजी दुसऱ्या मजल्यावर राहायची, पुलाच्या अगदी वर. टॉवर उभा आहे ती जमीन तिच्याच घरची. आधी तिथे गावची तळी होती, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून दर कार्तिकात आजी त्या तळीत पहाटे बुडी मारायची. तळी बुजली. पोरं परदेशी. आजी आणि तिची खिडकी उरली. रोज खिडकीतून दादाला हाक मारायची, "पानी कसा हाय रं आज?" दादा म्हणायचा, "चांगलंय आजी." दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच व्हायचं कुणाशी तरी.

आदल्या वर्षी कार्तिकात ती टॉवेल आणि तांब्या घेऊन फाटकाशी आली होती. महिनाभर पहाटे एक बुडी, एवढंच मागत होती. कमिटीने सांगितलं, लुगडं नेसून उतरता येणार नाही, नियम आहे. आजीने तांब्या पदराखाली घेतला. परत गेली. त्याच महिन्यात वारली. कळलं दोन दिवसांनी, दुधाच्या पिशव्या दाराशी साचल्या तेव्हा.

दादाने वर पाहिलं. खिडकी बंद होती.

उद्या त्रिपुरी. म्हणजे शेवटचं स्नान. आणि हातात ही बादली.

ती टाकली असती तर नोकरी राहिली असती. दादाने ती बाजूला ठेवली. झाकण लावलं. नळ्या काढल्या. थोडं क्लोरीन, थोडा सोडा... पुन्हा थेंब, पुन्हा सोडा. म्हाताऱ्या डोळ्यांना झोंबणार नाही असं पाणी जमवलं. फाटकाचं कुलूप काढलं. खुर्ची ओढून बसला.

साडेतीन वाजले. चंद्र टॉवरमागे गेला.

चार.

पंपाची घरघर थांबली. आपोआप.

मग... काहीच नाही.

मग पायरीशी पाणी हललं. एक वलय. त्याच्या आत दुसरं.

दादा उठला नाही.

आणि अगदी जवळून, दमलेल्या आवाजात...

"पानी कसा हाय रं आज?"

दादाच्या तोंडून सवयीने एवढंच निघालं...

"चांगलंय आजी. डोळ्यांना नाही लागणार."

वलयं पायरीपासून आत सरकली.

मग बुडी मारल्याचा आवाज. एकच.

उजाडलं तेव्हा पाणी असं नितळ की तळाच्या फरशा मोजाव्यात. प्रशांत आले, बघितलं, मान डोलावून गेले. नोकरी राहिली. त्या रात्रीनंतर सकाळची नळी कधी पांढुरकी झाली नाही. पण पानं-केरकचरा अडकायला पुलाच्या कडेला एक जाळीची टोपली असते ना, ती दादाने रिकामी केली तेव्हा तिच्यात एक त्रिपुरवात होती. अर्धी जळलेली, तुपाच्या वासाची. रात्रभर पाण्यात असलेली.

आणि गरम.

दादाला ती घरी ठेवायचा धीर झाला नाही. माझ्याकडे दिली. मी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवली आहे, देव्हाऱ्यात. मला तिची भीती नाही वाटत. ज्याचा नेम राहिला, त्याचा तो पुरा व्हावा, एवढंच तर मागतो आपण देवाकडे.

विनीत, करंडा उघडू नकोस. नुसता हातात घे.

...हं. वर्षभर गारच असतो. आजच्या रात्रीच असा होतो.

सोनल, माझी वात मी लावते. ही दुसरी, रंभाआजीच्या नावाची, तू लाव, बाळा. आणि मी नसले, तरी लावत जा.