आखूड चाल

मायाप्पा वस्तादाच्या उजव्या हातावरून वारं गेलं, तेव्हा तालमीतली पोरं काही दिवस घरी येऊन बसायची. मग येणं कमी झालं. वस्ताद पोराला आखाड्यात उतरवतो तो उजव्या हाताने त्याच्या पाठीवर माती टाकून. डाव्या हाताची माती कोणी घेत नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत हात उठला नाही, तर तालीम दुसऱ्याकडे जाणार हे न बोलताच सगळ्या सोलापूरला ठाऊक होतं.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. किल्ल्याजवळ लिऊ नावाच्या एका चिनी दातवाल्याने दुकान मांडलं होतं. मायाप्पा दाढ काढायला गेला आणि लिऊची नजर त्याच्या लोंबत्या हातावर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे लिऊ तालमीच्या दारात हजर.

त्याने एक लहानशी कवायत शिकवली. पाय रुंद रोवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हात पाण्यातून ओढावेत तसे वर न्यायचे. सगळं इतकं सावकाश, की दाराबाहेर दुधाचा तांब्या घेऊन उभी असलेली मायाप्पाची बायको केराबाई कंटाळायची.

"काय वो हे? म्हस रवंथ करतीया जनू."

"ताय-ची म्हनत्यात ह्याला," मायाप्पा नवरेपणाच्या ऐटीत म्हणाला.

"कोनाच्या तायची?"

लिऊसुद्धा हसला.

एकदा त्याने काठीने मातीत पावलं काढून दाखवली. त्याच्या गुरूची चाल लांब, मोकळी. त्या गुरूच्या गुरुबंधूची दुसरी. क्रम तोच, पण पावलं आखूड, हात छातीशी.

"मंग लढले का न्हाई दोघं?" मायाप्पाने विचारलं.

"लड़े. फैसला नहीं हुआ," लिऊ म्हणाला. "दोनों मर गये." आणि त्याने आखूड पावलं तेवढी पुसून टाकली.

कवायत करताना तो डावीकडे माणूसभर जागा मोकळी सोडायचा. शेवटी हात खाली, आवाज न करता उभं राहायचं. यात हयगय चालायची नाही.

मार्गशीर्षात एका पहाटे मायाप्पाचा हात डोक्याच्या वर गेला. तिथेच थांबला. मायाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं, हात खाली आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने मांडीवर शड्डू ठोकला. कौलांखालचे पारवे उडाले.

लिऊचा चेहरा राखेसारखा झाला. "पैलवान, किसको बुलाया?"

"कुनाला न्हाई. हाताची खोड हाय."

लिऊ मोकळ्या जागेकडे पाहत, पाठ न फिरवता, दारापर्यंत गेला. दुपारी त्याचं दुकान बंद होतं. काढलेल्या दातांची बरणी फळीवर तशीच राहिली होती.

दुसऱ्या पहाटे मायाप्पाने तेल-ताक मुरवलेली तांबडी माती सारखी केली आणि एकट्यानेच कवायत उरकली. वळून पाहिलं. त्याच्या रुंद पावलांच्या डावीकडे दुसरी पावलं होती. आखूड, जवळजवळ.

"केरे, आत कोन आलं हुतं?"

"मी दारातच हाय की. कोन बी न्हाई." त्याचं तोंड पाहून तिने तांब्या खाली ठेवला. "सोडा वो ते. तालीम गेली तर जाऊ द्या."

त्याने सोडलं. संध्याकाळी जेवताना उजव्या हातातला घास ताटात पडला. तो उचलताही येईना.

मायाप्पा पुन्हा तालमीत गेला. रोज ती पावलं सरकत सरकत त्याच्या पावलांजवळ येत होती. हात मात्र रोज हलका होत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही.

जत्रेच्या आदल्या पहाटे त्याने माती पुन्हा सपाट केली.

पाय रोवले. हात वर नेले. डाव्या कानाशी कोणाचा तरी श्वास त्याच्या श्वासाबरोबर आत गेला, बाहेर आला.

त्याने मान वळवली नाही. हात खाली आणले. आवाज केला नाही.

शड्डू वाजला.

"झालं का वो?" केराबाईने बाहेरून विचारलं.

शड्डू मायाप्पाने ठोकला नव्हता. त्याने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. उजवा हात पूर्वीसारखा भरलेला, मोकळा. त्याने मूठ वळून पाहिली. मग खाली पाहिलं.

मातीत एकाचीच पावलं होती. आखूड, जवळजवळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

त्याने टाच जोराने रोवली आणि पाय उचलला.

खाली माती सपाट होती.