नावाडीणबाई

तिने त्याचा हात धरला, तेव्हा तो कोण, कुठला, काहीच तिला ठाऊक नव्हतं. विचारायची गरजही वाटली नाही. दुपारची वेळ, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर एक तरुण डाव्या हाताने उजवं मनगट चोळत बसलेला. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मनगट चोळणारा माणूस पेशंट नाही तर कोण असणार? तिने त्याला आत बोलावलं, टेबलाशी बसवलं आणि अंगठ्याच्या मुळाशी नेमकं दाबलं.

"दुखतंय?"

"आत्ता दुखायला लागलं."

"कधीपासून आहे हे?"

"तुम्ही दाबल्यापासून."

तिने मान वर केली. चेहरा अगदी गंभीर होता, पण डोळ्यांतलं हसू काही त्याला लपवता आलं नव्हतं. तेवढ्यात दारातून घोगरा आवाज आला, "अहो बाई, गुडघा माझा आहे."

काठी टेकत उभे असलेले त्याचे बाबा. उभा जन्म छापखान्यात यंत्रापाशी उभ्याने गेला, म्हणून गुडघे बोलायला लागलेले. "हे आमचे राजे," काठीनेच मुलाकडे खूण करत ते म्हणाले. "मला नुसते सोडायला आलेत."

ती कानापर्यंत लाल झाली. पण हात मात्र तिने सोडला नाही, कारण अंगठ्याखाली सूज लागत होती, चांगली जुनी.

"गुडघा यांचा असेल, पण या मनगटाचंही काही खरं नाही. करता काय तुम्ही?"

"गेम बनवतो. कॉम्प्युटरवरचे."

"म्हणजे दिवसभर खेळता."

"खेळायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं? बनवतो हो."

"एवढा शिकवला," बाबा आतल्या पलंगावर टेकत म्हणाले, "आणि पोरगा भातुकली मांडून बसलाय."

अशा रीतीने तिला एकाऐवजी दोन पेशंट मिळाले. बाबा गुडघ्यावर शेक घेत डोळे मिटून पडायचे आणि राजे मनगट शेकायला कोमट मेणात हात बुडवून तिच्यासमोर बसायचे. मेणाचा तो मंद वास, पडद्यामागून येणारं बाबांचं घोरणं, आणि या दोघांच्या गप्पा. बाबा खरंच घोरत होते की नाही, ही शंका तिला कधीकधी यायची.

त्याच्या खेळात नदीकाठचं एक गाव होतं. पूर येऊन गेलेला, गावाचा नावाडी वाहून गेलेला, आणि खेळणारा माणूस त्याच्या जागी नवा नावाडी म्हणून तिथे येतो. लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचं. तेवढ्यातून हळूहळू गाव कळत जातं.

"मारामारी नाही?" तिने विचारलं.

"भांडणं आहेत. तुम्ही कोणाची बाजू घेता त्यावर आहे."

"मग खेळ कसला? असं तर माझंही रोजच चाललेलं असतं."

तो हसला. मग मेणातल्या हाताकडे बघत म्हणाला, "पाणी खरं वाटावं म्हणून आम्ही अख्खं वर्ष घालवलं. ढग सरकला की त्याची सावली पाण्यावरून सरकते. लोक बघतात, व्वा म्हणतात... आणि थोड्या वेळाने मोबाइल काढून बसतात. डोळे तिथे असतात, पण माणूस तिथे नसतो. माणूस आत यायला काय लागतं, तेच कळत नाहीये."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की तिला एकदम आदर वाटला. आपल्या कामातलं आपल्याला कळत नाही, असं मोकळेपणी सांगणारी माणसं तिच्या पाहण्यात फार नव्हती.

"तुम्ही खेळून बघाल?" त्याने विचारलं. "तुम्ही कधी खेळलेल्या नाहीत, म्हणूनच."

"खेळीन. पण तुम्ही मनगटाचे व्यायाम इमानदारीने करायचे."

"कबूल," तो म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला.

ती आत्याकडे राहायची. आत्या पडदे शिवून द्यायची आणि रविवारी दुपारीही तिचं शिवणयंत्र धडधडत असायचं. त्या धडधडीतच हिने खेळ सुरू केला. पहिला बराच वेळ नाव काठावर आपटण्यात गेला.

"ठमे, माणसं बुडवशील अशाने," आत्या कापडावरून नजर न काढता म्हणाली.

पण वल्ह्याचा अंदाज आला तसं गाव उघडत गेलं. चिखलात पाऊल पडलं की एक आवाज, लाकडी धक्क्यावर पडलं की वेगळा. वाण्याला ती एकदा तोडून बोलली, तर दुसऱ्या दिवशी तो तिला बघून पलीकडच्या बोळात वळला. तिला गंमत वाटली आणि थोडं टोचलंही. आणि एक नवल होतं... तिथे ती कोणाशीही आपणहून बोलत होती. एरवी दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी परत करायला न धजणारी मुलगी, तिथे भर धक्क्यावर मुकादमाशी वाद घालत होती.

धक्क्याजवळच्या दगडावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. "पलीकडे बहिणीकडे जायचंय. सोडशील का गं?" पडद्यावर उत्तरं आली. हिने 'उद्या नक्की नेते' निवडलं, कारण नदीतल्या बेटावर एक दिवा लुकलुकत होता आणि तो कोणी लावला, ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. बेटावर ती रमली. परतली तेव्हा दगड रिकामा होता. वाण्याला विचारलं, तर तो तराजू पुसत म्हणाला, "ती? गेली की पुलाच्या रस्त्याने. चालत. म्हणाली, नावेची वाट तरी किती बघायची."

ती पडद्याकडे बघत राहिली. चहा गार झाला.

"काय झालं गं?" आत्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"अगं, चित्रातली बाई ती."

"बाई चित्रातली, आत्या. पण शब्द मी दिला होता ना."

आत्याचं शिवणयंत्र थांबलं. "खरंच की," ती हळूच म्हणाली.

पुढच्या वेळी राजे दवाखान्यात आले, तेव्हा तिने त्यांच्या तळहातात नेहमीपेक्षा जड वजन ठेवलं.

"तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?"

"कोणाला?"

"म्हातारीला."

"मी कुठे... तुम्हीच उद्या म्हणालात."

"खेळातली माणसं थांबतात ना आपल्यासाठी?"

"बाकीच्या खेळांत थांबतात. आपण येईपर्यंत जागची हलत नाहीत. पण मग ती माणसं वाटतच नाहीत मला. ज्याला स्वतःचं काही काम आहे, तो किती थांबेल?" बोलता बोलता तो थबकला आणि तिच्याकडे नीट बघायला लागला. "तुम्हाला खरंच वाईट वाटलं?"

"दोन घास कमी जेवले."

"दोन घास..." त्याने ते शब्द अगदी जपून उच्चारले.

"हसू नका."

"हसत नाहीये. एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं, नावाडीणबाई."

पडद्यामागचं घोरणं एकदम थांबलं आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झालं.

त्या दिवशी जाताना त्याने मनातली काळजी सांगितली. त्याच्या भागीदाराला, ज्याला सगळे दाढी म्हणत, हे न थांबणं काढून टाकायचं होतं. खेळणारे वैतागतात म्हणे. पैसे मोजून आलेल्या माणसाला चुकल्यासारखं का वाटावं? येत्या शनिवारी काही लोकांना बोलावून खेळवून बघायचं आणि निकाल लावायचा, असं ठरलं होतं.

"तुम्ही याल? तुमचा खेळ जिथे राहिला, तिथूनच पुढे," त्याने विचारलं. नेहमीचा मिश्कीलपणा त्या वेळी आवाजात नव्हता.

त्यांचं ऑफिस म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. जमिनीवर चिकटपट्टीने दाबलेल्या वायरी, खिडक्यांना उजेड अडवायला लावलेली घोंगडी, जिकडेतिकडे बिस्किटांचे रिकामे कागद. आत पाच-सहा जण कानांवर हेडफोन चढवून खेळत होते आणि त्यांच्यामागे हात बांधून दाढी फेऱ्या मारत होता. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"आता बघ," तो राजांना म्हणाला.

एका मुलाला दगड रिकामा दिसला. त्याने चक् केलं, एक बटण दाबून खेळ मागे नेला आणि या वेळी 'आत्ताच चला' निवडलं. म्हातारी नावेत बसली. शेजारच्या बाईंनी तेच केलं. त्यांच्या पलीकडच्यानेही तेच.

"सगळे मागे जातात," दाढी म्हणाला. "लोकांना चूक नकोय रे. काढून टाकू."

राजे हिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

हिच्या पडद्यावर दगड रिकामा होता, वाणी तराजू पुसत होता. मागे जायचं बटण तिलाही दिसत होतं. तिने त्यावर बोट नेलं... आणि उचललं. मग नाव खुंटाला बांधली, काठावर उतरली आणि पुलाच्या रस्त्याने चालायला लागली.

"तिकडे काही नाहीये," दाढी म्हणाला. "रस्ता नुसता आखून ठेवलाय."

तिला ते ऐकू आलं नाही. हेडफोनमध्ये आधी चिखल वाजत होता, मग खडी. संगीत बंद झालं होतं. रस्ता लांब होता, कंटाळा येण्याइतका लांब, पण तिला कंटाळा येत नव्हता. एवढ्या लांब ती म्हातारी चालत गेली, हे प्रत्येक पावलागणिक तिला कळत होतं. शेवटी एक वळण आलं. वळणावर एक झाड, आणि झाडाखाली गाठोडं शेजारी ठेवून, एक चप्पल काढून, म्हातारी पाय चोळत बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "पाय बोलायला लागले गं."

उत्तरं पुढे आली. माफी मागता येत होती. गाठोडं उचलता येत होतं. किंवा नुसतं शेजारी बसता येत होतं. ती बसली.

त्यानंतर खेळाने काहीच केलं नाही. वारा वाहिला. पानं हलली. म्हातारीने गाठोडं थोडं बाजूला सरकवून तिला नीट बसायला जागा करून दिली. बस, एवढंच.

एव्हाना बाकीचे हेडफोन काढून तिच्यामागे गोळा झाले होते. मघाचा मुलगा पुटपुटला, "मला का नाही हे दिसलं?"

"हे कधी घातलंस तू?" दाढीने विचारलं.

"सुरुवातीलाच."

"आणि कोणालाच सापडलं नाही?"

"कोणी गेलंच नाही तिकडे."

"मग ठेवलंस कशाला?"

"कोणी तरी जाईल असं वाटत होतं," राजे म्हणाले. प्रश्न दाढीचा होता, पण उत्तर देताना त्यांची नजर हिच्या पाठीवर होती.

तिने हेडफोन उतरवले. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. कोणी बघेल न बघेल, माहीत नसताना या माणसाने तो सगळा रस्ता आखला होता. खडीचा आवाज, ती काढलेली चप्पल, ते गाठोडं सरकवणं... आणि कधी कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. पाणी कितीही खरं असो, तिला आत ओढून घेतलं होतं ते याच्या या भरवशाने. समोरचा माणूस चांगला निघेल, असं धरून चालणारं मन होतं ते. ते तिला फार आवडलं.

दाढीने दाढी खाजवली. "राहू दे म्हातारी," तो म्हणाला. "पण तो रस्ता थोडा तरी कमी कर."

"रस्ता आहे तेवढाच राहील."

"गाढव आहेस," दाढी म्हणाला, पण हसत म्हणाला.

ती निघाली तसे राजे तिला पोचवायला खाली आले. बाहेर भुरभुर सुरू होती. गोदामाच्या पत्र्याच्या छपराखाली दोघं उभी राहिली. भिजायचं नव्हतं, आणि निघायचंही नव्हतं.

"सोमवारपासून," ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुमचं मनगट आमचे सर बघतील."

त्याचा चेहरा उतरला. "का? बाबा काही बोलले?"

"बाबांचा गुडघा मीच बघणार आहे."

"मग माझंच काय चुकलं? व्यायाम..." तो घुटमळला. "खरं सांगतो, ते मी करत नव्हतो. मनगट बरं झालं असतं तर तुमच्याकडे यायला निमित्त काय उरलं असतं?"

"माहीत होतं मला. मनगटाला थापा मारता येत नाहीत."

"मग त्याचा राग..."

"राग नाही हो. एक नियम आहे. दवाखान्याचाही आहे आणि माझाही."

"कसला?"

"पेशंटबरोबर फिरायला जायचं नाही."

पत्र्यावर थेंबांचा आवाज वाढला. गावभर माणसं, त्यांची भांडणं आणि त्यांची मनं लिहिणाऱ्या त्या हुशार माणसाला हे एक साधं वाक्य उलगडायला बराच वेळ लागला. ती ओठ दाबून, मान खाली घालून थांबली. आपण हे म्हणालो, यावर तिचाच विश्वास बसत नव्हता.

"म्हणजे सोमवारपासून मी तुमचा पेशंट नाही," तो हळूहळू म्हणाला.

"नाही."

"आणि आज?"

"आज शनिवार. दवाखाना बंद आहे." तिने ओढणी डोक्यावर घेतली, छपराबाहेर पाऊल टाकलं आणि वळून पाहिलं. "चल."

"काय म्हणालात?"

ती गडबडली. "चला... चला म्हणायचं होतं मला."

"नको," तो घाईघाईने तिच्याशेजारी येत म्हणाला. "चल म्हणालीस तेच राहू दे."